हमदर्दी ते यकजहती : आक्रमण झालेल्या चीनच्या मदतीला गेलेले पाच भारतीय डॉक्टर

एखाद्या देशावर दुसऱ्या देशाचं लष्कर चालून गेलं की मोबाईलवर पडझड झालेल्या इमारती, दवाखान्यातली गर्दी, डोक्यावर बोचकी घेऊन चालणारी माणसं दिसू लागतात. दुसऱ्या दिवशी शाळेत मुलं विचारतात, "सर, आपण इथून काय करू शकतो?" प्रश्न साधा आहे, पण उत्तर अवघड आहे. दुआ करा, निषेध करा, स्टेटस ठेवा, एवढं सांगून आम्हा शिक्षकांचं समाधान होत नाही आणि मुलांचंही होत नाही.

म्हणून या लेखात आम्ही एक जुना दाखला सविस्तर मांडत आहोत. १९३७ साली जपानने चीनवर पूर्ण ताकदीने आक्रमण केले. त्या वेळी भारत स्वतः गुलाम होता. आपल्याकडे स्वतःचे सरकार नव्हते, परराष्ट्र खाते नव्हते, सैन्य इंग्रजांच्या हुकमाखाली होते. तरीही इथल्या सामान्य लोकांनी वर्गणी काढली, मालावर बहिष्काराची हाक दिली आणि पाच डॉक्टर चीनला धाडले. त्यातले एक आपल्या सोलापूरचे होते आणि ते परत आले नाहीत.

दोन शब्दांतला फरक

आधी शब्द समजून घेऊ. उर्दूत 'हमदर्दी' हा शब्द आहे. हम म्हणजे सोबत, दर्द म्हणजे वेदना. दुसऱ्याचं दुःख आपल्याला जाणवणं ही हमदर्दी. मराठीत त्याला सहानुभूती म्हणतात. उर्दूत दुसराही एक शब्द आहे, 'यकजहती'. यक म्हणजे एक आणि जिहत म्हणजे दिशा. ज्याच्यावर संकट आले त्याच्या बाजूला तोंड करून, त्याच दिशेने चालू लागणे ही यकजहती. मराठीतला 'एकजूट' हा शब्द जवळचा आहे, पण तो बहुतेक वेळा आपल्याच लोकांसाठी वापरला जातो.

हमदर्दी मनात असते, ती घरी बसूनही होते. यकजहतीला काहीतरी हलवावं लागतं. पैसा, वेळ, सवय, कधी कधी स्वतःचा जीव. हा फरक लक्षात ठेवून पुढची हकीकत वाचावी.

चीनवर काय कोसळले होते

जपानची चीनवर नजर बरीच आधीपासून होती. १८ सप्टेंबर १९३१ रोजी जपानी सैन्याने मांचुरियात हालचाल सुरू केली आणि पुढच्याच वर्षी तिथे 'मांचुकुओ' नावाचे बाहुले राज्य उभे केले. राष्ट्रसंघाने, म्हणजे आजच्या संयुक्त राष्ट्रांच्या आधीच्या संस्थेने, लिटन आयोग नेमला. आयोगाचा अहवाल जपानच्या विरोधात गेला. तेव्हा १९३३ साली जपानने राष्ट्रसंघच सोडला. शिक्षा काही झाली नाही.

७ जुलै १९३७ रोजी आजच्या बीजिंगजवळच्या मार्को पोलो पुलावर चकमक झाली आणि तिथून पूर्ण युद्ध पेटले. जुलै संपेपर्यंत बीजिंग गेले. ऑगस्टमध्ये शांघायची लढाई सुरू झाली, ती तीन महिने चालली. १३ डिसेंबर १९३७ रोजी राजधानी नानजिंग पडली. त्यानंतरच्या आठवड्यांत तिथे कैदी सैनिकांची आणि नागरिकांची कत्तल झाली, हजारो स्त्रियांवर अत्याचार झाले. युद्धानंतर टोकियोत भरलेल्या न्यायालयाने मृतांचा आकडा दोन लाखांहून अधिक धरला. चीन तीन लाख म्हणतो.

जगाने काय केले? राष्ट्रसंघाने ऑक्टोबर १९३७ मध्ये जपानने करार मोडल्याचे म्हटले आणि चीनला नैतिक पाठिंबा दिला. नोव्हेंबरमध्ये ब्रुसेल्सला परिषद भरली, तिच्यातून हाती काही लागले नाही. अमेरिकेत लोकांची सहानुभूती चीनला होती, पण अमेरिकन तेल जपानला १९४१ च्या उन्हाळ्यापर्यंत मिळत राहिले. म्हणजे ठराव चीनच्या बाजूने आणि तेल जपानच्या टाकीत, असा प्रकार होता. आजच्या बातम्या वाचणाऱ्यांना यात फार नवल वाटणार नाही.

गुलाम देशातून आलेला आवाज

भारतात जवाहरलाल नेहरूंनी चीनचा प्रश्न सुरुवातीपासून लावून धरला. ऑक्टोबर १९३७ मध्ये कलकत्त्यात अखिल भारतीय काँग्रेस समितीने जपानी आक्रमणाचा निषेध केला आणि लोकांनी जपानी माल घेऊ नये असे आवाहन केले. फेब्रुवारी १९३८ च्या हरिपुरा अधिवेशनातही हीच भूमिका कायम राहिली. ठिकठिकाणी 'चीन दिन' पाळले गेले. सभा झाल्या, वर्गणीचे डबे फिरले.

आठव्या मार्ग सेनेचे सेनापती झू दे यांनी नेहरूंना पत्र लिहिले होते. चिनी कम्युनिस्टांच्या या सैन्याकडे औषधे नव्हती, शस्त्रक्रिया करणारे डॉक्टर तर बोटांवर मोजण्याइतके होते. त्यांनी मागणी नेमकी केली. भाषणे नकोत, डॉक्टर आणि औषधे पाठवा. आम्हाला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. मदत काय करायची हे मदत करणाऱ्याने ठरवले नाही, ज्याच्यावर वेळ आली होती त्याने सांगितले.

१९३८ साली काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस होते. ३० जून १९३८ रोजी त्यांनी वर्तमानपत्रांतून आवाहन काढले. ७ ते ९ जुलै या तीन दिवसांत, म्हणजे आक्रमणाला एक वर्ष पूर्ण होत असताना, देशभर चीनसाठी निधी गोळा करण्यात आला. २२ हजार रुपये जमले. आजच्या हिशोबाने हा आकडा किरकोळ वाटेल, पण तो गुलाम देशातल्या लोकांच्या खिशातून आलेला होता. त्यातून डॉक्टरांच्या पथकाची आणि रुग्णवाहिकेची सोय झाली.

बहिष्काराची किंमत कोण मोजतो?

जपानी मालावरचा बहिष्कार हा विषय वाटतो तितका सरळ नव्हता. त्या काळात स्वस्त जपानी कापडाने इथला बाजार भरला होता आणि मुंबई-अहमदाबादच्या गिरण्यांना त्याचा त्रास होत होता. म्हणजे जपानी कापड बंद झाले तर गिरणीमालकांचा फायदाच होता. दुसऱ्या बाजूला आपला आखूड धाग्याचा कापूस मोठ्या प्रमाणात जपान विकत घेत असे. १९३३ साली इंग्रज सरकारने परदेशी कापडावरचा कर वाढवला तेव्हा जपानी गिरण्यांनी हिंदुस्थानी कापूस घेणे थांबवले होते. शेवटी १९३४ मध्ये करार झाला. जपानने जितका कापूस घ्यायचा, त्या प्रमाणात त्याला इथे कापड विकता येईल, असे ठरले.

याचा अर्थ काय? जपानी कापड नाकारण्याचा झटका वऱ्हाड-खानदेशातल्या कापूस पिकवणाऱ्या शेतकऱ्याला बसू शकत होता. गिरणीमालकाला त्यातून नफा, शेतकऱ्याला तोटा. बहिष्काराची हाक देताना हा हिशोब मांडला पाहिजे. बहिष्कार चुकीचा असतो असे आम्ही म्हणत नाही. त्याची झळ कोणाला लागते आणि फायदा कोणाला होतो, हे आधी बघावे, एवढेच म्हणणे आहे. शीतपेयाची एक बाटली सोडणाऱ्याचा त्याग आणि रोजगार गमावणाऱ्याचा त्याग एका तराजूत घालता येत नाही.

मुंबई बंदराचा जुना हिशोब

चीनचे आणि आपले नाते सांगताना एक कडवट गोष्ट लपवू नये. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जात असे. त्या व्यापारावर मुंबईतले अनेक व्यापारी श्रीमंत झाले. चीनने अफू रोखायचा प्रयत्न केला तेव्हा इंग्रजांनी १८३९ ते १८४२ चे युद्ध केले. त्यात हिंदुस्थानी शिपाई चीनवर चाल करून गेले. १९०० साली बॉक्सर उठाव मोडायला गेलेल्या फौजांमध्येही आपले शिपाई होते.

१ सप्टेंबर १९३८ रोजी त्याच मुंबई बंदरातून 'राजपुताना' नावाच्या बोटीने पाच डॉक्टर निघाले. पेट्यांमध्ये औषधे आणि शस्त्रक्रियेची हत्यारे होती. बंदर तेच आणि समुद्रही तोच होता. या वेळी जाणारा माल आणि माणसं पाठवण्याचा निर्णय मात्र इथल्या लोकांनी घेतला होता.

ते पाच जण

पथकाचे प्रमुख होते अलाहाबादचे डॉ. मदनमोहनलाल अटल. ते आधी स्पेनच्या यादवी युद्धात प्रजासत्ताकाच्या बाजूने वैद्यकीय सेवा करून आले होते. दुसरे नागपूरचे डॉ. मोरेश्वर रामचंद्र चोळकर. कलकत्त्याचे दोघे, डॉ. बिजयकुमार बसू आणि डॉ. देबेश मुखर्जी. आणि पाचवे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ शांताराम कोटणीस. पाचांतले दोन आजच्या महाराष्ट्रातले, ही गोष्ट आपल्या मुलांना माहीत असायला हवी.

सप्टेंबरमध्ये ते दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूला, म्हणजे तेव्हाच्या कँटनला पोहोचले आणि तिथून वुहानकडे गेले. जपानी फौजा पाठोपाठ येत होत्या. २१ ऑक्टोबर १९३८ रोजी ग्वांगझू पडले, चारच दिवसांनी वुहानही गेले. पथक चुंगकिंगला सरकले आणि फेब्रुवारी १९३९ मध्ये येनानला पोहोचले. येनान हे माओ झेडोंग आणि झू दे यांचे ठाणे. डोंगर कोरून केलेल्या गुहांमध्ये राहणे, तिथेच दवाखाना आणि तिथेच वर्ग.

पाचही जणांनी चिनी नावे घेतली आणि प्रत्येक नावाच्या शेवटी 'हुआ' हे अक्षर लावले. हुआ म्हणजे चीन. कोटणीसांचे नाव झाले 'के दिहुआ'. पुढच्या काळात चौघे एकेक करून भारतात परतले. शेवटी परतणारे डॉ. बसू होते. कोटणीस राहिले.

सोलापूरचा डॉक्टर

द्वारकानाथ कोटणीस यांचा जन्म १० ऑक्टोबर १९१० चा. त्यांच्या वयाच्या विसाव्या वर्षाच्या आसपास सोलापुरात काय घडत होते ते आठवावे. मे १९३० मध्ये शहरात मार्शल लॉ लागला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्यात फाशी दिले गेले. चार आडनावे वाचली तरी त्या गावची घडण कळते. कोटणीस त्या सोलापूरचे होते.

मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयातून ते डॉक्टर झाले. पुढे शिकायचं, दवाखाना थाटायचा, घर चालवायचं, असा कुठल्याही मध्यमवर्गीय घरातल्या मुलासारखा रस्ता समोर होता. तो सोडून त्यांनी चीनच्या पथकासाठी नाव दिले. चीनमध्ये पोहोचल्यावर थोड्याच काळात वडील वारल्याची बातमी आली. परत जाण्याची मुभा होती. ते गेले नाहीत.

येनानहून ते उत्तर चीनमधल्या आघाडीच्या मुलखात गेले. १९४० मधल्या एका मोठ्या लढाईत त्यांनी ७२ तास झोप न घेता शस्त्रक्रिया केल्याची नोंद आहे. त्या लढाईत ८०० हून अधिक जखमींवर त्यांनी उपचार केले. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यून हेही याच भागात काम करत होते. शस्त्रक्रिया करताना बोटाला झालेली जखम चिघळून नोव्हेंबर १९३९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला. त्यांच्या नावाने 'बेथ्यून आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालय' चालत होते. जानेवारी १९४१ मध्ये कोटणीस त्याचे प्रमुख झाले.

आम्हा शिक्षकांच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट मोठी आहे. कोटणीस चिनी भाषा शिकले, नुसती बोलण्यापुरती नव्हे, शिकवण्यापुरती. रुग्णालयाला जोडलेल्या वैद्यकीय शाळेत ते मुलांना चिनीतून शिकवत आणि शस्त्रक्रियेचे पाठ्यपुस्तक लिहीत. बाहेरून आलेला डॉक्टर एक दिवस जाणार, मागे शिकलेली माणसे राहिली पाहिजेत, हे त्यांनी ओळखले होते.

१९४१ च्या अखेरीस त्यांनी तिथल्याच परिचारिका गुओ चिंगलान यांच्याशी लग्न केले. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. त्याचे नाव ठेवले 'यिनहुआ'. यिन म्हणजे भारत, हुआ म्हणजे चीन. बाळ साडेतीन महिन्यांचे असताना, ९ डिसेंबर १९४२ रोजी, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीसांचा मृत्यू झाला. वय होते ३२. कामाचा ताण, अपुरे अन्न आणि आघाडीवरचे हाल यांनी शरीर खंगले होते. माओ झेडोंग यांनी शोकसंदेश लिहिला. आज शिजियाझुआंग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत त्यांची कबर आहे.

उर्दूतले आणि सिनेमातले मोठे लेखक ख्वाजा अहमद अब्बास यांनी त्यांच्यावर पुस्तक लिहिले. त्यावरूनच व्ही. शांताराम यांनी १९४६ साली 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' हा चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. पानिपतच्या मुसलमान घराण्यातला लेखक, कोल्हापूरकडचा दिग्दर्शक, सोलापूरचा नायक आणि चीनची कथा. ही आपली संस्कृती आहे.

टागोरांचा जपानी मित्र

यकजहती व्यक्त करताना एक धोका कायम असतो. आक्रमण करणाऱ्या सरकारवरचा राग त्या देशाच्या सगळ्या माणसांवर उतरतो. रवींद्रनाथ टागोर यांचे उदाहरण इथे उपयोगी आहे. टागोरांना जपान आवडत असे. ते तिथे अनेकदा जाऊन आले होते. जपानी कवी योने नोगुची हे त्यांचे जुने परिचित. १९३८ साली नोगुचींनी टागोरांना पत्र लिहून चीनवरच्या लढाईचे समर्थन केले. आशियाच्या भल्यासाठी हे युद्ध आवश्यक आहे, असा त्यांचा सूर होता.

टागोरांनी मैत्रीखातर गप्प बसणे पत्करले नाही. निष्पाप लोकांच्या कवट्यांवर आशियाची इमारत उभी राहत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांनी दिले. जपानी जनतेवर आपले प्रेम आहे, म्हणूनच तिला विजय न लाभता पश्चात्ताप लाभावा, असेही त्यांनी कळवले. पत्रव्यवहार छापला गेला, लोकांनी वाचला. मित्राला तोंडावर चूक सांगणे आणि तरी त्याच्या लोकांचा द्वेष न करणे, दोन्ही एकाच पत्रात बसले.

चीनचे मुसलमान आणि जपानचा 'इस्लामप्रेमी' प्रचार

आपल्या वाचकांना या इतिहासाची एक बाजू सहसा माहीत नसते. चीनमध्ये हुई नावाचा मोठा मुसलमान समाज शतकानुशतके राहतो. जपानला त्यांना आपल्या बाजूला वळवायचे होते. मे १९३८ मध्ये टोकियोत मोठ्या थाटात मशीद उघडण्यात आली. जपान हा इस्लामचा मित्र आहे, असा प्रचार मुस्लिम देशांमध्ये सुरू झाला.

चीनच्या मुसलमानांनी याला उत्तर दिले. चिनी सैन्यातले नामवंत सेनानी बाय चोंगशी स्वतः मुसलमान होते. १९३८ च्या तायअरझुआंगच्या लढाईत जपानला जो पराभव पत्करावा लागला, त्याच्या आखणीत त्यांचा हात होता. हेबेई प्रांतात मा बेनझाय यांनी हुई मुसलमानांची तुकडी उभी केली. ती आठव्या मार्ग सेनेत लढली. १९४१ मध्ये जपान्यांनी त्यांच्या आईला पकडले. मुलाला शरण यायला सांग, असा दबाव टाकला. त्या माऊलीने अन्न सोडले आणि कैदेतच प्राण दिला. मा बेनझाय लढत राहिले, १९४४ मध्ये आजारपणात त्यांचे निधन झाले.

याच काळात चिनी मुसलमानांचे एक शिष्टमंडळ मक्का, कैरो आणि इतर मुस्लिम देशांत फिरले, भारतातही आले. जपानने बांधलेली मशीद बघू नका, त्याने पाडलेल्या वस्त्या बघा, हे सांगणे त्यांचे काम होते. यातून घेण्यासारखे एकच आहे. कोणतीही ताकद दीनचे, लोकशाहीचे किंवा मुक्तीचे नाव घेऊन रणगाडे पाठवू शकते. बोलणाऱ्याच्या तोंडी काय आहे यापेक्षा हद्द कोणी ओलांडली, हे आधी तपासावे.

घेतले जाणारे आक्षेप

पहिला आक्षेप असा की, आपल्याच घरात इतके प्रश्न असताना लांबच्या देशाचं कशाला? १९३८ मध्ये हा आक्षेप आजच्यापेक्षा जास्त वजनदार होता, कारण तेव्हा देशच आपला नव्हता. तरी चीनसाठी डबा फिरला, आणि त्यामुळे स्वातंत्र्याची चळवळ दुबळी झाली नाही. आपल्यावरचा अन्याय ओळखणाऱ्याला दुसऱ्यावरचा अन्याय ओळखायला वेळ लागत नाही, असेच तेव्हा दिसले. मात्र गल्लीतल्या शाळेची फी भरू न शकणाऱ्या मुलाकडे पाठ फिरवून दूरच्या देशासाठी घोषणा देणे, हे आम्हालाही पटत नाही.

दुसरा आक्षेप, पाच डॉक्टरांनी युद्ध थांबले का? नाही थांबले. जपान १९४५ मध्ये हरला तो फार मोठ्या शक्तींमुळे. पण ज्या शेकडो जखमींवर उपचार झाले, त्यांच्या घरी हा प्रश्न कोणी विचारणार नाही.

तिसरा आक्षेप अधिक टोकदार आहे. ज्या सुभाषबाबूंनी चीनला डॉक्टर पाठवले, त्यांनीच १९४३ मध्ये जपानची मदत घेऊन आझाद हिंद सेना चालवली. मग १९३८ ची भूमिका खोटी होती का? आम्हाला तसे वाटत नाही. १९३७ मध्ये 'मॉडर्न रिव्ह्यू'मध्ये लिहिताना त्यांनी जपानच्या प्रगतीचे कौतुक करूनही चीनच्या लचके तोडण्याला विरोध केला होता. पुढे इंग्रजांना घालवण्यासाठी त्यांनी वेगळा हिशोब केला. त्यावर इतिहासकार वाद घालत राहतील. आपण इतके समजून घ्यावे की नेत्यांच्या वाटा बदलतात, म्हणून यकजहती नेत्यावर अवलंबून ठेवू नये.

चौथा आक्षेप, ज्या चीनला मदत केली त्याच्याशी १९६२ मध्ये युद्ध झाले, त्याचे काय? आणि मुसलमान म्हणून आम्ही यात भर घालतो, शिनजियांगमध्ये उइगूर मुसलमानांना ज्या प्रकारे डांबले गेले त्याचे काय? ऑगस्ट २०२२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयाने तिथले प्रकार मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असा अहवाल दिला. कोटणीसांनी ज्यांचे पाय वाचवले ते गावकरी सैनिक होते. त्यांना केलेली मदत म्हणजे पुढच्या प्रत्येक चिनी राजवटीला दिलेले कोरे प्रमाणपत्र नव्हे. काल ज्याच्यावर जुलूम झाला तो आज जुलूम करत असेल तर आज त्याच्या विरोधात बोलावे लागते. आपली निष्ठा झेंड्याशी ठेवली की इथे गफलत होते.

एकच मोजपट्टी

संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतल्या दुसऱ्या कलमानुसार कुठल्याही देशाने दुसऱ्याच्या भूमीविरुद्ध बळाचा वापर करायचा नाही. ही मोजपट्टी सगळ्यांना सारखी लावायची असते. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकने कुवेतमध्ये फौजा घुसवल्या, ते आक्रमण होते. मार्च २००३ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन त्याच इराकवर चालून गेले, तेही आक्रमण होते. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर केले, तेही. आक्रमण करणारा मुसलमान असला की गप्प आणि सोसणारा मुसलमान असला की रस्त्यावर, असे वागलो तर आपल्या शब्दाला वजन राहत नाही. युक्रेनसाठी रडणारे आणि पॅलेस्टाईनचे नाव निघाले की विषय बदलणारे, यांच्यावर आपण टीका करतो. ती टीका करण्याचा हक्क मोजपट्टी एकच ठेवणाऱ्याला आहे.

आज काय करता येईल

१९३८ च्या अनुभवातून आम्ही मुलांसाठी काही मुद्दे काढले आहेत. ते वाचकांपुढे ठेवतो.

पहिले, नीट माहिती घ्या. व्हॉट्सअॅपवर आलेले छायाचित्र कुठल्या देशाचे, कुठल्या वर्षाचे आहे हे बघितल्याशिवाय पुढे पाठवू नका. खोटे छायाचित्र पकडले गेले की खऱ्या पीडितावरही कोणी विश्वास ठेवत नाही.

दुसरे, त्यांना काय हवे ते विचारा. झू दे यांनी डॉक्टर मागितले होते. आज कुठे औषधे हवी असतील, कुठे शिक्षण, कुठे नुसती त्यांची गोष्ट सांगणारे कोणी.

तिसरे, पैसा द्यायचा तर हिशोब देणाऱ्या नोंदणीकृत संस्थेमार्फतच द्या आणि पावती घ्या. परदेशी पैसे पाठवण्याचे कायदे आहेत, ते पाळा.

चौथे, सभा किंवा मोर्चा काढायचा तर रीतसर परवानगी घ्या. शहरातल्या इतर समाजाच्या लोकांना, डॉक्टर-वकील-शिक्षकांना बोलवा. चीनसाठीची वर्गणी कुठल्या एका समाजाची नव्हती, म्हणूनच ती देशाची ठरली.

पाचवे, आक्रमक देशाच्या सामान्य नागरिकाला, तिथल्या विद्यार्थ्याला किंवा पर्यटकाला त्रास देऊ नका. टागोरांचे पत्र आठवा.

सहावे, भाषा शिका, कौशल्य शिका. कोटणीसांकडे देण्यासारखे काही होते, म्हणून ते देऊ शकले. नुसता जोश घेऊन गेले असते तर आघाडीवर त्यांचे ओझेच झाले असते. आमच्या विद्यार्थ्यांनी आज विज्ञानाचा आणि भाषेचा अभ्यास मन लावून केला, तर उद्या कुठल्यातरी जखमी माणसाच्या कामी येईल.

सोलापुरात कोटणीसांच्या राहत्या घराच्या जागी महानगरपालिकेने स्मारक उभे केले आहे. मराठी आणि उर्दू माध्यमाच्या शाळांच्या सहली सोलापूर, अक्कलकोट, पंढरपूरकडे जातातच. त्यात तासभर या स्मारकासाठी ठेवावा. १० ऑक्टोबर आणि ९ डिसेंबर या दोन तारखा शाळेच्या फळ्यावर लिहाव्यात. मुलांना पाच नावे पाठ करायला लावू नका, एवढंच विचारा की तुझ्याकडे देण्यासारखं काय आहे आणि ते कोणाला द्यायचं. त्यावर वर्गात जी चर्चा होईल, ती ऐकण्यासारखी असेल.